सुमीच्या बारशाचा पाळणा

शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९२
जनाबिया

आज सुमीला घेऊन रूथबाईंकडे, म्हणजे यांच्या साहेबांच्या घरी, प्रार्थनेला गेले. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची प्रार्थना इथे आखातात रविवारी नाही, सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी असते. रूथबाईंच्या पणजीने रचलेलं स्तोत्र सगळे गायले. पणजीच्या हातची वहीसुद्धा दाखवली.

मी सांगून बसले, माझी आईही रचायची. गावात बारसं असलं की बाळाचं नाव गुंफून नवा पाळणा आईनेच करायचा. सुमीचाही केला, दहा कडव्यांचा.

"मग म्हणा ना," रूथबाई म्हणाल्या.

तिसरं कडवं तेवढं आठवलं. पुढचं येईना, म्हणून पुन्हा तिसरंच म्हटलं. सुमी हसली, "मम्मी, सेम अगेन." तिसरंच का राहिलं?

"आईंना फोन करून विचारा," रूथबाई म्हणाल्या. "लिहून ठेवा."

आई श्रावणात गेली. तिथे सांगवलं नाही, नुसती होकाराची मान डोलावली. ते खोटंच झालं ना, देवा?

आईला अक्षरओळख नव्हती. मी मॅट्रिक. बारशाला आई गात होती तेव्हा मी शेजारीच वही घेऊन बसले होते, कुणी काय आहेर आणला ते लिहीत. झबली, कुंच्या, वाळे, सगळं नावानिशी. ती यादी अजून माझ्या पेटीत आहे.