इस्तंबूलमध्ये तुझी चाल

प्रिय आई,

दूरदेशाहून सप्रेम जय भीम. मी सुखरूप आहे, कुणाशी भांडले नाही. गुडघ्याला तेल लावतेस ना? त्या प्राध्यापकांनी तुझ्या गाण्याला 'चोरीची चाल' म्हटल्यापासून तू "मले नाही गायचं" म्हणून बसलीस. म्हणून कालचं ऐक.

मी आलेय त्या सिनेमावरच्या सभेत नेजात नावाचे म्हातारे दिग्दर्शक होते. तरुणपणी त्यांनी अमेरिकेचा उडणारा नायक न विचारता तुर्की सिनेमात आणला होता. त्या नायकाचा झगा बायकोने खिडकीला लावलेल्या पडद्याचा! एकाने भरसभेत विचारलं, "चोरीची लाज नाही वाटली?" ते मान खाली घालून बसले.

मला राहवेना. मी उठून म्हणाले, "माझी आई दारव्ह्यात सिनेमाच्या चालींवर भीमगीतं गाते. ज्यांना कुणी मंच दिला नाही, त्यांनी तो असाच उभारला!"

वाटलं, आता बाहेर काढतात. पण नेजात दुभाष्याकरवी म्हणाले, "गाऊन दाखवा." तुझं गाणं मी बेसूर गायले आणि ते टाळी वाजवत ओरडले, "ही हिंदी चाल तर माझ्या सिनेमात मीही उचलली होती!" सगळे खदखदून हसले. माझा जीव भांड्यात पडला.

आई, जयंतीला गा. नेजातना रेकॉर्डिंग पाठवायचं मी कबूल केलंय, तुला न विचारता.

तुझी भांडखोर,
साधना