टाळ्या वाजवून शिकवलेली बाई

आई, "सायखेड्याची गाडी कोणची वो?" असं निफाडच्या स्टँडवर चारचौघांत विचारायला लागू नये, एवढ्याचसाठी तू माझ्या वर्गात आली होतीस. सायखेड्याला मावशी होती, आणि तुला एकटीनं जायचं होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं, प्रौढ शिक्षणाचे वर्ग गावोगाव निघाले होते, आणि नाशिकहून डी.एड. करून आलेली मी स्वतःला फार शहाणी समजत होते. छडीचे दिवस गेले, मूल शाबासकीनं शिकतं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. दुसरीच्या पोरांना ते लागूही पडलं. मग तेच उचलून मी विहाराच्या ओसरीवर, बायकांच्या दुपारच्या वर्गात आणलं.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी मी तुलाच उभं केलं. तू 'पाणी' वाचलंस आणि मी ओरडले, "शाब्बास! वाजवा टाळ्या!" द्राक्षबागेतल्या टोळीची मुकादम तू, वीस बाया तुझ्या शब्दावर कात्री चालवायच्या. त्याच बाया तोंडाला पदर लावून हसत टाळ्या पिटत होत्या. साहेबही हसले. तू पाटी खाली ठेवलीस, पण मी साहेबांकडेच बघत होते.

संध्याकाळी तू भाकरी थापतेयस आणि मी विचारतेय, उद्या येशील ना?

"नाय. टाळ्या लेकराला वाजवत्यात, बाई. मी काय पहिलं पाऊल टाकलं का?"

"शिकायचंय तर लाज कसली?" मी वर तोंड करून म्हणाले. तू पुन्हा वर्गात आली नाहीस. मावशीकडे शेवटपर्यंत गाडी विचारतच गेलीस.

चार-पाच वर्षांनी नाशिकच्या शिबिरात एक वयस्कर सर म्हणाले, "मोठी माणसं कोरी येत नाहीत. त्यांना काय येतं, काय हवंय, ते आधी विचारा." माझी कानशिलं तापली. तुला विचारलं असतं तर सायखेड्याच्या गाडीवरच्या पाटीपासूनच सुरुवात केली असती. तेव्हा तू हयात होतीस. घरी येऊन दोन शब्द बोलायचे होते, पण माझी जीभ रेटली नाही.

पुढे मीच नव्या शिक्षकांना शिकवायला लागले. एका बाईंनी एका म्हातारीला कसं दुखावलं, ही गोष्ट दरवर्षी सांगायचे. ती बाई कोण, म्हातारी कोण, हे कधी सांगितलं नाही. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग त्या बाईंनी माफी मागितली का?"

मी म्हणाले, "हो, त्याच संध्याकाळी."