सनियाताईच्या शाळेचा अकॉर्डियन

कैरो, शनिवार

आदरणीय सनियाताईस धाकट्या नशअतचा सलाम.

अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो, आणि त्याच्याही आधी तुझ्या गुडघ्यांना आराम देवो. भावजींची साखर कशी आहे? मी बरा आहे. (बरा म्हणजे, हे पत्र लिहायला सातदा बसलो आणि आठदा उठलो.)

तुझ्या शाळेचा अकॉर्डियन मी गुरुवारच्या लग्नापुरता मागून आणला होता. (माझा जिन्यावरून गडगडला तेव्हापासून त्याला दमा झालाय.) नवरीचे वडील हाजी रिफाई जुन्या वळणाचे. त्यांना गाणी जुनी हवी होती आणि वाजवणारी माणसं हवी होती. हल्ली सगळे कीबोर्ड आणतात. बटण दाबलं की दोन पट्ट्यांच्या मधला आपला अरबी पाव सूर हजर! तुझ्या पेटीत मात्र तो सूरच नाही. फिरंग्यांची बनावट ती. 'रास्त' मकामातली चाल सुरू केली की तिसऱ्याच सुराला ठेच लागते. तालमीत आमच्या गायिका फिक्रियाबाई कडाडल्या, "मी एकीकडे, तुझी पेटी भलतीकडे! लग्न आहे की घटस्फोट?"

मग काय, पेटी उचलली आणि थेट वाद्यं दुरुस्त करणाऱ्या उस्ताद बर्सूमकडे गेलो. त्यांनी कानस काढून आतल्या, सूर देणाऱ्या चार पट्ट्या घासल्या आणि म्हणाले, "घे. आता ही अरबी बोलेल."

ताई, काय बोलली गं! पहिल्याच ओळीला हाजी खुर्चीतून उठले, "अल्लाह! पुन्हा!" तीच ओळ आम्ही नऊ वेळा घेतली. नवरदेवाचे मित्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, तेही सहाव्या खेपेला डोलायला लागले. बत्तीस वर्षं वाजवतोय, असा गुरुवार आठवत नाही.

शुक्रवारी बर्सूमच्या घरी जाऊन म्हटलं, आता पूर्ववत करा. ते म्हणाले, "कापलेलं नाक कानशीने वाढतं का रे?"

तेव्हा रविवारी सकाळी शाळा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांसमोर या पेटीवर राष्ट्रगीत अजिबात वाजवू नकोस. मी घरी वाजवून पाहिलं. गोड लागतं, पण ताठ उभं राहवत नाही. कमरेला काहीतरी व्हायला लागतं.

तुझा, कानशीखाली घालण्याच्या लायकीचा भाऊ,
नशअत

ता. क. शाळेने पेटी टाकायची ठरवलीच, तर माझ्याकडे टाका. हाजींच्या साडूंनी पुढचा गुरुवार पक्का केलाय.

आणखी एक. पेटी आज सकाळीच तुमच्या तांता शहराच्या बसने पाठवली. पत्रही ड्रायव्हरकडेच द्यायचं होतं, पण धीर होईपर्यंत बस सुटली. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा सातवीत जातो. म्हणून हे पोस्टात टाकतोय. मंगळवारपर्यंत मिळेल.