कानाच्या दांड्या

१४ मार्च, सकाळचे साडेदहा

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे सोडून. लेथचा पट्टा बदलला. तुझं प्लास्टर निघालं का? तुझी बायको माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फाडू नकोस, आधी वाच.

प्रयोगशाळेच्या बाई काल कारखान्यात आल्या होत्या. उंदराच्या मेंदूवर काम करताना त्याचं डोकं केसभरही हलू न देणारी चौकट एवढ्या स्वस्तात दुसरं कोणी करत नाही, असं त्या पुन्हा म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाला मात्र परत कामावर घेऊ नका." मान डोलावली रे मी!

त्या दिवशीचं तुला काय सांगायचं? तरी लिहितो. बाईंनी डोकं धरून ठेवायला उंदराच्या कानांत घालायच्या, चौकटीच्या दांड्या माझ्या हातात ठेवल्या, टोकांना रक्त वाळलेलं. अकरा उंदरांचे कान आतून फाटले होते. शुद्धीवर आल्यावर ते पिंजऱ्यात गोल गोल फिरत सुटले, दोन तर जाळीवर डोकं आपटून आपटून मेले. बाई हे सांगून रडत निघून गेल्या, आणि मी तुझ्यावर ओरडलो, "टोकं गोल का नाही केलीस?"

तू एवढंच म्हणालास, "दादा, आधी खूण तर बघ."

झालं, माझं डोकं फिरलं. चौकटीचा लोखंडी पाया उचलला आणि तुझ्या उजव्या हातावर घातला. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या घावालाच हाड मोडल्याचा आवाज आला होता. तो ऐकूनही मी तिसरा घातला. तुझं रक्त माझ्या चष्म्यावर उडालं.

डॉक्टरांना आणि पोलिसांना तू सांगितलंस, "हात मशीनमध्ये सापडला." आईलाही तेच. सगळे तुलाच वेंधळा म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.

आता खरं. कोणी घडवली ते कळावं म्हणून आपण दांडीवर ठिपके ठोकतो ना, तुझा एक, माझे दोन. बाईंनी दांड्या दिल्या तेव्हाच मला दोन ठिपके दिसले होते. तू बोलायच्या आधीच. तू भिंगाखाली टोकं तपासायचास, तेव्हा मी तुला "सोनार" म्हणून चिडवायचो. मी नुसता अंगठा फिरवून पास करायचो. तीस वर्षांत अंगठ्याला एवढे घट्टे पडलेत, की त्याला सगळंच गुळगुळीत लागतं. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुझा हात मोडला.

आज सकाळी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. आईलाही सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "माझ्यासमोर उभा राहू नकोस."

हे पत्र पेटीत टाकून थेट पोलीस चौकीत जातोय. तुला विचारायला येतील, तेव्हा मला वाचवू नकोस. जमलं तर डाव्या हाताने एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

तुझा हात मोडणारा,
दादा