सहाव्या भागातली बहीण

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचा खोकला गेला, गुडघा आहे तसाच आहे. माझंही ठीक चाललंय.

तुझा निरोप पोचला. 'ताई, हल्ली घरी काय काय पाहिलंत, माझी मालिका कशी वाटली, सविस्तर कळव. तुझ्यासारख्या सामान्य प्रेक्षकाचं मत मला फार मोलाचं वाटतं.' फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'ताई, जरा मीटिंगमध्ये शिरतोय' म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा बस आणि वाच.

ती पोलिसांची मालिका आम्ही पाहिली, दहाच्या दहा भाग. तो इन्स्पेक्टर सदानकदा भिजलेला का असतो रे? गुन्हेगार सापडेना ते एक वेळ समजलं, पण अख्ख्या पोलीस ठाण्यात एक टॉवेल सापडू नये? आईला आता समोरचं दिसत नाही, हे तुला कळवलं होतं. नजरेच्या बरोब्बर मधोमध काळा डाग आहे, कडेकडेने दिसेल तेवढंच. त्यामुळे बोलणं ती ऐकते आणि पडद्यावरचं मी शेजारी बसून सांगते. कोण आलं, कुठे बघतंय, हातात काय आहे. दुसऱ्याच भागात ती म्हणाली, "खून डॉक्टरने केलाय. कामाशिवाय इतकं गोड कोणी बोलत नाही." आणि निघाला डॉक्टरच! आठ भाग आम्ही उगाच जागच्या हललो नाही.

मग ती स्वयंपाकाची स्पर्धा. मी आईला सांगितलं, परीक्षकांनी घास घेतला आणि डोळे मिटले. ती म्हणाली, "दाढ दुखत असेल." त्यानंतर मला ती स्पर्धा गंभीरपणे बघताच आली नाही.

म्हातारा-म्हातारी गाडीतून प्रवासाला निघतात तो सिनेमा मात्र आवडला. शेवटी दोघांना उगाच रडवलंय, पण ती म्हातारी गाडीचं दार आपटून चालू लागते आणि शंभर पावलांवर जाऊन नुसती उभी राहते, तो प्रसंग कोणीतरी खरा पाहिलेला आहे. आईने मला तो दोनदा सांगायला लावला.

आता तुझी मालिका.

पहिले पाच भाग बरे आहेत. संगीत फार. कोणी पाणी प्यायलं तरी मागे व्हायोलिन कशाला? बहीण माझ्यासारखीच चष्म्याच्या दुकानात काचा कापते, तिच्या बाहीवर पांढरी पूड असते, ती ओठ आवळून बोलते, हे सगळं पाहिलं. आईला सांगितलं नाही. म्हटलं, ठीक आहे. भाऊ लेखक झाला की घरातली भांडीकुंडी उचलून नेणारच. नेईना का.

सहावा भाग आम्ही रविवारी दुपारी लावला.

दवाखान्याचा कॉरिडॉर. आत वडील शेवटच्या घटका मोजतायत. बाहेर बहीण उभी, हातात फोन, फोनवर भावाचा नंबर. ती बघते. आणखी बघते. संगीत बंद. इथे बरं बंद केलंस! मग ती फोन पिशवीत टाकते, चेन लावते आणि ओठ आवळते. तिकडे भावाला म्हणे आपोआप चाहूल लागते. तो जिने उतरत धावत सुटतो, नेमका वेळेवर पोचतो, वडील त्याचा हात धरून म्हणतात, 'तू माझा अभिमान आहेस,' आणि डोळे मिटतात.

धाकट्या, तुला लाज कशी वाटली नाही?

सोमवारी दुकानात एक बाई आल्या. मी त्यांच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बघत होते, आणि त्या मालकांना सांगत होत्या, "ती मालिकेतली बहीण पाहिलीत का? अशा बाईला चांगली फटकावली पाहिजे." मी विचारलं, "कानाला टोचतंय का?" म्हणाल्या, "नाही, छान बसलाय." संध्याकाळी आत्याचा फोन. "तेव्हा तू त्याला खरंच कळवलं नव्हतंस ना गं? मला वाटायचं गडबडीत राहिलं असेल. मुद्दाम केलंस हे माहीत नव्हतं." म्हणजे आता नात्यातल्या सगळ्यांकडे पुरावाच आहे. पडद्यावर दिसलं ना!

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले ती दुपार मी तुला सांगते, कारण तू ती विसरलेला दिसतोस. मी चौदा वेळा फोन लावला. दहा वेळा नुसता वाजला. अकराव्या वेळी तू कापलास. वाजून थांबलेला फोन वेगळा आणि कापलेला फोन वेगळा, एवढं मलाही कळतं. कापायला फोन हातात घ्यावा लागतो, नाव वाचावं लागतं. त्यानंतर तो बंदच लागला. दुसऱ्या दिवशी तू आलास, घर माणसांनी भरलेलं, आणि काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मुलगा असून शेवटच्या वेळी नव्हता?" तू भिंतीला टेकून उभा होतास. तोंड इतकंसं झालं होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माझंच चुकलं काका, धावपळीत त्याला कळवायचं राहून गेलं."

तू मान खाली घातलीस. मला वाटलं, रात्री येऊन काही तरी बोलशील. चार दिवस राहिलास, बोलला नाहीस. मी तेही सोडून दिलं. पण मी तुझ्यावर पांघरूण घातलं, आणि तू तेच ओढून घेऊन त्याच्यावर माझा चेहरा छापलास, जगाला दाखवलास. वर माझं मत मागतोस!

रविवारचं अर्धंच सांगितलं. त्या बिनबोलाच्या प्रसंगात आईने विचारलं, "आवाज गेला का?"

"नाही."

"मग कोणी बोलत का नाहीये? काय चाललंय?"

खोटं सांगता आलं असतं. ती चालत गेली, खिडकी उघडली, काहीही. पण त्या वेळी माझ्या अंगात खोटं बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "मुलगी फोनकडे बघतेय. भावाचा नंबर आहे. लावत नाहीये."

"मग?"

"पिशवीत टाकला."

"बंद कर ते," आई म्हणाली. मी बंद केलं. मग ती म्हणाली, "खोटं आहे हे. मी बाहेर बाकावरच बसले होते. तेव्हा मला लख्ख दिसत होतं. तू खिडकीपाशी सारखी लावत होतीस. एकदा तर फोन भिंतीवर आपटायला हात उचलला होतास."

मी ओरडले. जिच्या डोळ्यांना दिसत नाही अशा आईवर मी ओरडले. "मग सहा वर्षं तोंड का उघडलं नाहीस?"

"तू त्याला पाठीशी घातलंस. मला वाटलं, तुम्हा दोघांचं काही ठरलं असेल. आणि खरं सांगू का... मला ते सोयीचं होतं. मुलाने फोन घेतला नाही, यापेक्षा मुलगी विसरली, हे ऐकायला हलकं वाटायचं."

हलकं! त्यानंतर आम्ही दोघी जेवलो नाही. काल सकाळी तिने माझा चहा चाचपडत स्वतः केला, अर्धा ओट्यावर सांडला. मी प्यायले. पण अजून मी तिच्याशी नीट बोललेले नाही.

आता जे लिहिते आहे ते आईलाही ठाऊक नाही. चौदावा फोन झाल्यावर मी आत गेले. बाबांच्या तोंडावर मास्क, डोळे अर्धवट मिटलेले. "आला का?" म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतोय." परत विचारलं. परत "येतोय." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आला." आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. माझे हात तुला माहीत आहेत. काचांनी चिरलेले, खरखरीत, पुरुषी. मला ते कधी आवडले नाहीत. त्या दिवशी चालून गेले. बाबांनी बोटं चाचपली, तुझ्या लहानपणच्या नावाने हाक मारली आणि एक वाक्य बोलले. मी जेवढ्या जाड आवाजात जमेल तेवढ्या आवाजात "हो बाबा" म्हटलं. संपलं.

माझ्यासाठी ते काही बोलले नाहीत. कसे बोलतील? त्यांच्या लेखी मी त्या खोलीत नव्हतेच. मीच मला बाहेर काढलं होतं, तुला जागा करून द्यायला.

ते वाक्य तुझं आहे. तू लिहिलंस त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. अभिमान-बिभिमान त्यात काही नाही. साधं आहे, बाबांसारखं आहे, आणि ते ऐकलं असतंस तर तू ही मालिका लिहिली नसतीस, असं मला वाटतं. ते मी कागदावर उतरवणार नाही आणि फोनवरही सांगणार नाही, कारण पुढच्या वर्षी ते कोणाच्या तरी तोंडी, व्हायोलिनसकट, ऐकायची माझी तयारी नाही.

ऐकायचं असेल तर इथे ये. आधी आईसमोर बसून आत्याला फोन लाव आणि अकरावा फोन कोणी कापला ते तिला तुझ्या तोंडाने सांग. कारण काय होतं, कोण समोर होतं, ते मला नको. मग मी ते वाक्य सांगेन. एकदाच सांगेन. नाही आलास तर ते माझ्याबरोबर जाईल, आणि त्याचं मला दुःख होणार नाही, असं आज तरी वाटतंय.

अजून तरी तुझीच,
ताई