तिसऱ्या दांड्याचं डावं टोक

तोर्रेलोरा,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप एन्कार्नाताईस,

धाकट्या भावाचा, बार्तोलोचा, वाकून नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असणारच (तुझ्यासमोर उभं राहायची आजाराची छाती नाही). तिकडे उत्तरेत पाऊस चालूच असेल, तेव्हा गुडघे सांभाळ. इकडे सगळं क्षेम. ऑलिव्हची झाडं यंदा मनापासून फुटली आहेत. तुझ्या बंद घराच्या दाराला मी तेल घातलं, कुंड्यांना पाणी घालतो, त्या सगळ्या जिवंत आहेत (एक सोडून, तिचा विषय नको). सणाला तू बुर्गोसला प्राक्सेदेसमावशीकडे गेली होतीस असं एलॉय म्हणाला. मावशी कशी आहे? तिचा पोपट अजून पाद्रीबुवांना शिव्या देतो का?

पत्राला कारण असं काही नाही, सहज आठवण आली म्हणून लिहितोय. फोन का केला नाहीस असं विचारशील, तर फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं, आणि एवढी सोय मला जन्मात पहिल्यांदाच मिळते आहे.

आधी शपथेचं सांगतो. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले तेव्हा तू फोन करून मला आईची शपथ घातलीस. 'बार्तोलो, उत्तम शुक्रवारी माझ्या लेकराला माउलीच्या पालखीखाली घालायचं नाही. त्याचा करार जूनमध्ये संपतोय. मान धरली, पाठ धरली, तर क्लब त्याला नारळ देईल, मग तू पोसणार आहेस का त्याला?' मी शपथ घेतली आणि ती पाळली. एलॉयला मी पालखीखाली घातलं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, ते अक्षरशः खरं आहे.

तुझी काळजी मला कळत नाही असं समजू नकोस. बाराव्या वर्षी पोर घरातून उचलून नेलं त्या फुटबॉल क्लबने, 'मधल्या फळीत असा डावा पाय वीस वर्षांत पाहिला नाही' म्हणाले, आणि मग त्या डाव्या पायाला आठ वर्षं इकडून तिकडे उसना देत फिरवला. एका गावात मैदानावर मेंढ्या चरायच्या, आणि एलॉय सांगतो की बचाव मेंढ्याच बरा करायच्या. दुसऱ्या गावात प्रशिक्षक महिन्याला बदलायचा आणि येईल तो ह्याला उजवीकडे खेळवायचा. परत मोठ्या संघात घेतलं ते बाकावर बसायला. सगळा हिवाळा पोरगं बाकावर अंगरखा पांघरून बसलं होतं, आणि आम्ही पालखी मंडळाच्या बारमध्ये टीव्हीपुढे बसून त्याचा अंगरखा बघत होतो. (अंगरखा छान दिसतो हो त्याला.) अशा वेळी मान धरून चालणार नाही, हे मलाही समजतं. मी पालखीचा मुकादम आहे, गाढव नाही.

पण ताई, मंडळाचा नियम तुलाही ठाऊक आहे. पालखीखालची जागा लागोपाठ दोन वर्षं रिकामी राहिली की ती दुसऱ्याला जाते. तिसऱ्या दांड्याचं डावं टोक आन्सेल्मोचं. तुझ्या नवऱ्याने तिथे भाराखाली इतकी वर्षं मान लावली की लाकडाला खळगा पडलाय. तो गेल्यावर एलॉयने लावली. गेल्या वर्षी नेमका सामना आला म्हणून जागा रिकामी गेली. यंदाही गेली असती तर ती क्रिसांतो बेकरीवाल्याच्या जावयाला मिळणार होती, आणि तो जावई विमा विकतो. आन्सेल्मोच्या खळग्यात विम्याची मान! मी कुणाला काही म्हणालो नाही. फक्त एलॉयला फोनवर ही बातमी सांगितली, बातमी म्हणून.

तर गुरुवारी दुपारी मी हरभरे आणि खारा मासा खात बसलो होतो, आणि दारात एलॉय. क्लबने तीन दिवस सुटी दिली होती. तुला त्याने सांगितलं होतं की संघ हॉटेलात एकत्र आहे, आणि क्लबला सांगितलं होतं की तो आईजवळ पाय वर करून पडलेला आहे. 'मामा, तुम्ही मला आत घालू नका, तुमची शपथ मोडेल,' तो म्हणाला. 'तुम्ही फक्त जरा दुसरीकडे बघा.' पोरगं बापावर गेलंय. शुक्रवारी चार वाजता भोई देवळात पालखीखाली शिरत होते, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून एक मेणबत्ती तपासत होतो. मेणबत्तीत काहीही दोष नव्हता. वळून पाहिलं तर पालखीभोवतीच्या झालरीखाली तीस माणसांचे पाय होते. त्यांतले कुणाचे कुठले हे मोजायला मी काय चांभार आहे?

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ केला गोर्काने. गोर्का म्हणजे क्लबचा व्यायामशिक्षक (तुझ्या घरी येऊन तुझी मसूर खाऊन गेलेला, तोच तो). झालं असं की एलॉय महिनाभर त्याच्याकडे मानेचे व्यायाम मागत होता. मिडफिल्डरला मान कशाला लागते, या विचाराने त्या माणसाची झोप उडाली. त्याने कुठेतरी आमच्या पालख्यांची छायाचित्रं पाहिली आणि सरळ गाडी काढून इथे आला. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर गवती टोपी, म्हणजे आपण ओळखू येऊ नये. बेकरीत शिरून क्रिसांतोला विचारतो, 'एलॉयचं घर कुठे?' क्रिसांतो म्हणाला, 'कोण एलॉय? या गावात एलॉय नावाचं कुत्रंसुद्धा नाही.' आणि त्याच्या डोक्यामागे भिंतभर एलॉयचा फोटो, खाली 'तोर्रेलोराची शान'. (जावयाला जागा हवी असूनही क्रिसांतो खोटं बोलला, हे मी विसरणार नाही. खोटं वाईट बोलला, पण बोलला.)

क्रिसांतो धापा टाकत देवळात आला. आता झालरीमुळे भोयांचे चेहरे दिसत नाहीत, दिसतात फक्त घोट्यापर्यंत पाय. पण गोर्का तीन वर्षं एलॉयच्या पायांना मालिश करतोय, आणि एलॉयच्या डाव्या घोट्याला गोर्कानेच बांधलेली निळी पट्टी! काढ म्हटलं तर म्हणतो, काढली तर घोटा मुरगळेल. पोराचा करार, आन्सेल्मोची जागा, सगळं त्या वीतभर पट्टीवर आलं. मग क्रिसांतोलाच सुचलं. लहान मुलांच्या गायनवृंदाच्या निळ्या फितींचं अख्खं रीळ त्याने कापलं आणि तीसही भोयांच्या डाव्या घोट्यांना एकेक फीत बांधली. पाद्रीबुवा म्हणाले, हे काय? मी म्हणालो, नवस. बायकांनी लगेच माना डोलावल्या. पुढच्या वर्षी सगळ्या मंडळांचे भोई फिती बांधणार बघ.

पालखी निघाली. दुसरा घोटाळा तिथे कळला. क्लबच्या खाण्याने एलॉय दोन बोटं उंच झालाय. त्याचं टोक वर आणि माउली उजवीकडे कललेली. मी ओरडलो, 'तिसरा डावा, गुडघ्यात वाक!' तेव्हा तो पाच तास गुडघ्यात वाकून चालला. गोर्का पालखीच्या बाजूनेच चालत होता आणि दर चौकात खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

भट्टी गल्लीच्या वळणावर तर तो जवळजवळ आडवाच झाला आणि बोटाने झालर उचलायला लागला. वाद्यं गप्प, गल्ली गप्प. तेवढ्यात पालखीमागून काळ्या बुरख्यात अनवाणी येणाऱ्या नवसाच्या बायकांपैकी एकीची मेणबत्ती कलली आणि भळकन गरम मेण गोर्काच्या मानगुटीवर! तो असा काही विव्हळला ताई, की वरच्या सज्ज्यांतल्या लोकांना वाटलं हा माउलीपुढे विलापगीत म्हणतोय. सगळ्यांनी 'वाहवा!' केलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. 'उत्तरेकडचा असून गळा काय आहे!' असं म्हणत दोघांनी त्याला खांद्याला धरून बारमध्ये नेलं आणि वाइन पाजली. तो परत आला नाही. सगळी संध्याकाळ लोक त्याला पुढचं कडवं म्हणायचा आग्रह करत होते.

मग तुझं घर आलं. दार बंद, खिडक्या बंद. मी पालखी तिथे टेकवली. उचल कुणाच्या तरी नावाने द्यायची असते, मुकादमाचा तेवढाच एक मान. मी म्हणालो, 'पोरांनो, ही आन्सेल्मोसाठी, आणि आज त्याच्या जागी जो कोणी असेल त्याच्यासाठी.' आणि उचलायच्या खुणेची ठोकणी मारली. एका दमात उचलली पोरांनी, एक ज्योत हलली नाही. एलॉयला आतून काही दिसत नाही, पण घर आलं हे त्याला चढावरून कळलं असणार, कारण त्या क्षणी तो गुडघ्यात वाकायचा विसरला आणि माउली उजवीकडे तुझ्या दाराकडे कलली. लोक म्हणाले, बघा, एन्कार्नाकडे डोकावतेय. माझ्या डोळ्यांना धार लागली, मी धुपाला शिव्या दिल्या. पालखीमागे तर एका बाईने एवढा मोठा हुंदका दिला की मी तिच्यावर खेकसलो, 'बाई, मागे व्हा, झालरीत पाय अडकेल!'

शनिवारी सकाळी एलॉयची मान खांबासारखी ताठ. डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना. तसाच तो गेला. रविवारी सामना. आम्ही तीसही जण टीव्हीपुढे, अंगरखा बघायच्या तयारीने. दुसऱ्या अर्ध्यात एलॉयच्या संघाचा कप्तान लंगडत बाहेर आला आणि प्रशिक्षकाने एलॉयला अंगरखा काढायला सांगितलं. अंगरखा डोक्यावरून निघेना (मान!), दोघांनी ओढून काढला. पोरगं मैदानात गेलं आणि नाकासमोर बघत उभं राहिलं. चेंडू आला की न बघता डावीकडे, न बघता उजवीकडे. एक चेंडू तर त्याने मागच्या मागे असा सोडला की पुढच्याला गोल करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. टीव्हीवरचा माणूस बेभान झाला, 'बघतसुद्धा नाही! याला पाठीला डोळे आहेत!' रात्री मी विचारलं तर एलॉय म्हणाला, 'मामा, मला बाजूचं काही दिसतच नव्हतं. मग पालखीखाली चालतो तसा खेळलो, हाकेवर. डावीकडून हाक आली की डावीकडे.' काल क्लबने त्याला तीन वर्षांचा करार देऊ केला. हे तुला त्याने सांगितलंच असेल. मानेचं सांगितलं नसेल.

तर असं आहे. बाकी विशेष काही नाही.

तुझा आज्ञाधारक (बराचसा) भाऊ,
बार्तोलो

ता. क. रोझमेरीचं तेल कोमट करून रोज रात्री मानेला चोळ. का चोळतेस हे त्याला सांगू नकोस. तोही का विचारणार नाही.

ता. क. दुसरा. गोर्काचा फोन आला होता. आज सकाळी मान जराशी वळायला लागली तसा एलॉय सरावात इकडे तिकडे बघतो म्हणून प्रशिक्षक नाराज आहे म्हणे. पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवार कधी येतो, असं त्याने 'सहज' विचारलं. त्याच्या मानेवरचा फोड बरा आहे. मंडळाने त्याला गायला बोलावलंय.

ता. क. तिसरा. प्राक्सेदेसमावशीने शनिवारी सणाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला होता आणि विचारत होती, एन्कार्ना किती वर्षांत आली नाही रे, बरी आहे ना. पोपटही बरा आहे. मी तिला काही बोललो नाही.

ता. क. शेवटचा. ताई, लहानपणी विहिरीवर माझ्या हातून बादली सुटून तुझ्या उजव्या पायावर पडली, तेव्हापासून तुझं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे. काळा बुरखा कितीही जाड असला तरी पाय उघडे असतात. पालखी देवळात परतल्यावर मी ते बोट पाहिलं, आणि खेकसलो होतो कुणावर हे मला कळलं. माफ कर. पोराने ज्या पालखीखाली जाऊ नये म्हणून तू मला शपथ घातलीस, त्याच पालखीमागे तू नवसाच्या बायकांत पाच तास अनवाणी चाललीस. मी एलॉयला सांगणार नाही. तू मला शपथेतून मोकळं कर, आणि पुढच्या वर्षी उघड ये, चपला घालून ये, दाराला मी पुन्हा तेल घालीन. फक्त एवढं मात्र कळव. गोर्काच्या मानेवर ते मेण तुझ्या हातून चुकून सांडलं, की तीस घोट्यांना निळी फीत बांधली होती तरीसुद्धा तू लेकाचे पाय ओळखलेस?