वरच्या वर्गासाठी एक तुकडा

३ मार्च

ठरलं! मोठा तुकडाच वाजवणार — तो वादळासारखा येतो. पियानोच्या बाई म्हणाल्या, "रविवारी काहीतरी वाजवून दाखव. जमलं तर वरच्या वर्गात, नाहीतर आहेस तिथेच." आहे तिथे? मधल्या वर्गात जीव गुदमरतो माझा.

४ मार्च

बाईंनी भलताच तुकडा काढून दिला. एकच पान. संथ. मधेमधे नुसतं थांबायचं! मी म्हटलं, "बाई, हा तर पोरांचा." म्हणाल्या, "स्वर पोरांचे आहेत. थांबणं पोरांचं नाही." काही कळलं नाही. पान घडी करून खिशात कोंबलं.

६ मार्च

दिवसभर दुकानात दुरुस्तीला आलेले पियानो उचलायचे, पुसायचे, मिस्त्रींची बोलणी खायची. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी कोपऱ्यातल्या जुन्या पियानोवर हात बसवायचा. आज मोठा तुकडा पळाला! बोटं नुसती घसरत होती. मिस्त्री कुलूप घेऊन उभे. "काय उस्ताद, गाडी चुकतेय का कुठली?"

हसू देत.

९ मार्च

वाट लागली.

बाईंचा पियानो म्हणजे दगड. पट्टी दाबावी तर खाली जाईना. दुसऱ्या पानावरच डाव्या हातात गोळा आला, वादळ तिथेच बसलं. बाई म्हणाल्या, "सराव कशावर करतोस?" सांगितलं. तोंड कुठे लपवू असं झालं. दुकानातल्या त्या पियानोच्या पट्ट्या झिजून पार सैल झाल्यात — आणि त्या रोज मीच पुसतो! वेग त्याचा होता, मी माझा समजलो.

"पुढच्या रविवारी ये." एवढंच बोलल्या.

१० मार्च

खिशातल्या पानाची घडी उघडली.

१२ मार्च

थांबताच येत नाही! हात आधीच पुढच्या स्वरावर. मिस्त्री म्हणाले, "अरे, पोलीस लागलेत का मागे?" शाळेतून असाच पळालो. घरातूनही. आता या एका पानावरून पळतोय.

१६ मार्च

वाजवला. बाई म्हणाल्या, "पुन्हा." वाजवला. "पुन्हा." डोकं फिरलं — आणि रागारागात थांबलो! मुद्दाम. घ्या, ऐका! खोलीत काहीच वाजत नव्हतं, तरी तुकडा चालूच होता.

बाई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपासून वरच्या वर्गात. रोज सकाळी."

रोज सकाळी! सकाळी तर मी दुकानात.

१७ मार्च

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "माल सकाळीच उचलायचा असतो. दोन्ही जमायचं नाही, उस्ताद. काय ते एक ठरव." चिडून नाही बोलले. त्याचाच जास्त त्रास झाला.

१९ मार्च

काम सोडलं. तेच सांगायला आईला फोन केला, पण जीभ रेटेना. म्हटलं, आधी तुकडा ऐक. गुणगुणायला लागलो. थांबायच्या जागी थांबलो.

"हॅलो? हॅलो? कटला वाटतं..." तिने फोन ठेवला.